हाड जुळलं, पण वाकडं! मोडलेला हात-पाय पुन्हा सरळ आणि कामाचा कसा करतात?

प्लास्टर कापलं. एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय." घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग दोन-चार दिवसांत लक्षात येतं की तळहात वर वळत नाही. रिक्षावाल्याकडून सुट्टे पैसे घ्यायला हात पसरावा तर तळवा अर्धवटच फिरतो आणि नाणी खाली पडतात. तोंड धुवायला ओंजळ होत नाही.

हाड तर जुळलं. मग हात का चालत नाही?

हा प्रश्न कुठेही पडू शकतो, पण भिवंडीसारख्या गावात तो थेट पोटाशी येऊन भिडतो. इथे लाखो यंत्रमाग आहेत. साध्या मागावर लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो. तो वाट चुकून बाहेर उडाला तर समोरच्याचं मनगट, बोट, कधी डोळाही जायबंदी करतो. फिरत्या पट्ट्यात बाही अडकली की आधी कापड जातं, मागोमाग हात. मागावरची मजुरी मीटरवर मिळते. तुटलेला धागा चिमटीत पकडून गाठ मारता आली नाही तर मीटर वाढत नाही. तिकडे गोदामांच्या पट्ट्यात, मानकोली-अंजूरफाट्याच्या बाजूला, ट्रकमधून माल उतरवताना पायावर गठ्ठा पडतो. रस्त्यांवर कंटेनर, रिक्षा आणि दुचाकी एकाच खड्ड्याला चुकवत असतात. आणि इमारती कोसळतात, त्या वेगळ्याच. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली, तेव्हा सुमारे चाळीस माणसं गेली. अशा दुर्घटनेत आपण मेलेल्यांचा आकडा लक्षात ठेवतो. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांच्या हातापायांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

म्हणून हा लेख हाड मोडल्यानंतरच्या गोष्टीबद्दल आहे. वाकडं जुळलेलं हाड सरळ कसं करतात, कधी करतात, कधी मुळीच करू नये, आणि त्यातून हात-पाय पुन्हा कामाला कसा लागतो.

हाड जुळतंच, पण कसं?

आपण म्हणतो की डॉक्टरांनी हाड जोडलं. खरं तर हाड डॉक्टर जोडत नाहीत, शरीरच जोडतं. कातडी फाटली की व्रण राहतो. हाडाचं तसं नाही. मोडलेल्या जागी पुन्हा हाडच तयार होतं.

मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो. मोठ्या माणसात साधारण सहा ते बारा आठवड्यांत त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. मनगट लवकर जुळतं, नडगी सावकाश. त्यानंतर महिनोन्महिने, कधी दोन-दोन वर्षं, शरीर त्या ओबडधोबड जोडाची घडाई करत राहतं.

या सगळ्यात शरीर एक गोष्ट विचारत नाही: दोन्ही टोकं सरळ रेषेत आहेत का? ती जशी आहेत तशी जुळतात. टोकं सरळ ठेवून देणं आणि जोड टणक होईपर्यंत हलू न देणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. प्लास्टर, सळई, प्लेट, स्क्रू, बाहेरून लावलेली रिंग ही सगळी धरून ठेवण्याची साधनं आहेत.

म्हणूनच पहिले दोन-तीन आठवडे सोन्याचे. जोड मऊ असेपर्यंत सरकलेलं हाड पुन्हा बसवणं तुलनेनं सोपं असतं. लहान मुलांत हा काळ आणखी कमी, कधी आठ-दहा दिवसच. प्लास्टर घातल्यावर डॉक्टर आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात तो याच कारणासाठी. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि आत हाड सरकू शकतं. "दुखत नाहीये, मग कशाला जायचं" म्हणून ही एक फेरी चुकवली जाते, आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर कापल्यावर हात वाकडा निघतो. एका दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून टाळलेली ती फेरी पुढे काही महिन्यांची मजुरी घेऊन जाते.

वाकडं म्हणजे किती वाकडं?

सगळंच वाकडेपण वाईट नसतं. १८१४ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ऐंशीएक वर्षं आधी, डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी मनगटाच्या एका मोडीचं वर्णन केलं. घसरून पडताना हात टेकला की होते ती. आजही पावसाळ्यात ओल्या फरशीवर पडलेल्या आजीला बहुधा हीच मोड असते. कॉलिस यांनी लिहून ठेवलं होतं की मनगटाला आलेला बाक जन्मभर राहिला तरी कालांतराने हात बिनदुखता आणि मोकळेपणाने हलू लागतो. ते सगळ्यांच्या बाबतीत खरं ठरत नाही, पण उतारवयातल्या अनेक बायकांच्या बाबतीत ठरतं. मनगट दिसायला वेडंवाकडं, पण भाकरी थापता येते, वेणी घालता येते. अशा हातावर केवळ एक्स-रे सुंदर दिसावा म्हणून सुरी चालवण्यात अर्थ नाही.

उलट कोपर ते मनगट या भागात थोडं वाकडेपणही महाग पडतं. तिथे दोन हाडं आहेत. तळहात वर-खाली फिरवताना त्यातलं एक हाड दुसऱ्याभोवती फिरतं, बादलीची कडी फिरावी तसं. कडी वाकली की अडकते. साधारण दहा अंशांपर्यंतचा बाक चालून जातो. वीस अंशांच्या पुढे तळहात फिरवणं उघडपणे कमी होतं. सुरुवातीला ज्या हाताबद्दल बोललो, तो हाच.

पायाचा हिशेब वेगळा. खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या जवळपास मधोमध जायला हवी. मांडीचं किंवा नडगीचं हाड बाकदार जुळलं की ही रेघ गुडघ्याच्या एका बाजूला सरकते, आणि चालताना पडणारा सगळा भार त्याच बाजूवर येतो. दारूच्या बिजागरीसारखं... नव्हे, दाराच्या बिजागरीसारखं. दार किंचित तिरकं लटकलं तर एकच बिजागरी झिजते. पंचविशीत मोडलेल्या पायाचा हा हिशेब चाळिशीत गुडघेदुखी होऊन समोर येतो.

बाकाखेरीज आणखी दोन गोष्टी पाहतात. एक पीळ: पाऊल सरळ पुढे न पडता आत किंवा बाहेर वळलेलं असतं. साध्या एक्स-रेमध्ये पीळ नीट दिसतही नाही, माणसाला उभं करून, चालवून पाहावं लागतं. दुसरी लांबी: एक पाय आखूड होणं. दोन सेंटीमीटरच्या आतला फरक बहुतेकांना चपलेच्या आत किंवा तळाला जाडी देऊन भागवता येतो. चांभाराकडे होणाऱ्या कामासाठी शस्त्रक्रिया कशाला?

लहान मुलांचं हाड याबाबतीत उदार असतं. वाढीच्या वयात सांध्याजवळचा बाक पुढच्या दोन-तीन वर्षांत बराचसा आपोआप सरळ होतो, जर तो बाक सांधा ज्या दिशेने वाकतो त्याच दिशेचा असेल तर. पीळ मात्र मुलांतही जात नाही. आणि कोपराच्या वरची मोड आत झुकून जुळली तर ती तशीच राहते. हात सरळ केला की बंदुकीच्या दस्त्यासारखा कोन दिसतो. झाडावरून, गच्चीवरून, मकरसंक्रांतीच्या पतंगापायी पडलेल्या मुलांत हे दिसतं. हाताचं काम बहुधा फारसं अडत नाही, पण मुलगा फुल बाह्यांचाच शर्ट मागू लागतो. ते दुखणंही खरंच असतं.

घट्ट पट्टी, आणि सुश्रुतांनी दिलेला इशारा

हाड मोडलं की अनेक जण आधी हाडवैद्याकडे जातात. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तो माणूस जवळ असतो, ओळखीचा असतो, रांग नसते, चिठ्ठीपत्री नसते आणि पैसे कमी लागतात. न सरकलेली साधी मोड त्याच्या पट्टीतही जुळते, कारण जोडायचं काम शरीरच करतं. अडचण होते ती दोन ठिकाणी. एक्स-रे नसल्यामुळे हाड किती सरकलंय ते कळत नाही. आणि पट्टी घट्ट होते.

घट्ट पट्टीचा धोका हाड वाकडं जुळण्याहून कितीतरी मोठा आहे. मोडीनंतर सूज येते. बांबूच्या कामट्या आणि कापडाची आवळलेली पट्टी सुजेला बाहेर जागा देत नाही, म्हणून आतला दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतात. मेलेल्या स्नायूंच्या जागी दोऱ्यांसारखे आवळलेले तंतू तयार होतात आणि बोटं कायमची आत ओढली जातात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. नंतरच्या शस्त्रक्रियांनी असा हात सुधारतो, पण पहिल्यासारखा होत नाही.

ओळखायचं कसं? पट्टी असो वा दवाखान्यात घातलेलं प्लास्टर, नियम एकच. गोळी देऊनही दुखणं वाढतच असेल, बोटं बधिर किंवा थंडगार पडली असतील, आणि दुसऱ्याने हळूच बोट सरळ केलं तर हातात जीवघेणी कळ येत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

गंमत म्हणजे हा इशारा आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगावर सविस्तर प्रकरणं आहेत. मोडलेल्या हाडाचे बारा आणि निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार तिथे सांगितले आहेत. वड-पिंपळ-उंबरासारख्या झाडांच्या साली आणि बांबू कामट्यांसाठी सुचवले आहेत. पट्टी सैल बांधली तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाकडं जुळलेलं हाड पुन्हा मोडावं, सरळ बसवावं आणि ताज्या मोडीसारखे उपचार करावेत, असंही सांगितलं आहे. आजच्या शस्त्रक्रियेचं मूळ तत्त्व हेच. फरक आहे तो भूल, निर्जंतुकीकरण, एक्स-रे आणि पोलादाचा.

पुन्हा मोडायचं म्हणजे नेमकं काय करतात?

याला डॉक्टर ऑस्टिओटॉमी म्हणतात. हाड ठरवून, मोजून, योग्य जागी कापणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण अपघातातली मोड आणि ही मोड यात फरक आहे. इथे आजूबाजूचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जपलेल्या असतात, म्हणून हाड जुळण्याची शक्यता चांगली असते.

खरं काम टेबलावर जायच्या आधीच होतं. पायाच्या बाबतीत खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला लांब एक्स-रे लागतो. आपल्याकडे त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. चांगल्या पायाचा आणि वाकड्या पायाचा, दोन्ही. त्यावर रेघा ओढून बाकाचा कोन आणि कापायची जागा ठरते. हाताच्या बाबतीतही तसंच, चांगला हात हा नकाशा असतो. हल्ली सीटी स्कॅनवरून हाडाची प्लास्टिकची प्रतिकृती छापून त्यावर आधी सराव करतात. ते सगळ्यांना लागत नाही.

मग हाड कापून सरळ करतात आणि धरून ठेवतात. मांडी किंवा नडगीच्या मधल्या भागात बहुधा हाडाच्या पोकळीतून सळई घालतात. ही कल्पना जर्मनीच्या गेरहार्ड कुंचर यांनी १९४० च्या सुमारास रूढ केली. दुसऱ्या महायुद्धात पकडलेले आणि तिकडे उपचार झालेले सैनिक मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या एक्स-रेमध्ये मांडीत अख्खी सळई पाहून तिथले डॉक्टर चक्रावले होते. सांध्याजवळ किंवा कोपर-मनगटाच्या मधल्या दोन हाडांना प्लेट आणि स्क्रू सोयीचे. मनगट पूर्ववत करताना मधे पोकळी राहिली तर कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे भरतात. कमरेची ती जागा काही दिवस हातापेक्षा जास्त दुखते. हे आधी सांगितलं तर रुग्ण घाबरत नाही.

सगळ्यात अवघड गट वेगळाच आहे. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर फक्त कातडी असते, म्हणून अपघातात ती पटकन फाटून हाड बाहेर येतं. अशी उघडी जखम मातीत माखते, जंतुसंसर्ग होतो, हाडाचा तुकडा मरतो. मग पाय वाकडा, आखूड, न जुळलेला आणि वरून वाहता. तिथे आत प्लेट घातली तर जंतू प्लेटवरच घर करतात. मग काय करायचं?

सायकलच्या चाकासारखी रिंग

याचं उत्तर सैबेरियातल्या कुर्गान नावाच्या गावातून आलं. गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांसमोर दुसऱ्या महायुद्धानंतरचे, न जुळलेल्या हाडांचे रुग्ण होते आणि साधनं जवळपास नव्हती. १९५० च्या दशकात त्यांनी पोलादी रिंगा पायाभोवती लावल्या आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार घालून त्या रिंगांना जोडल्या. रिंगांमधले दांडे नटाने कमी-जास्त करता येत. मग त्यांना एक अजब गोष्ट दिसली. हाड कापून दोन टोकं अगदी हळूहळू एकमेकांपासून दूर नेली, तर मधल्या जागेत नवं हाड तयार होतं.

किती हळू? दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर. याहून भरभर ओढलं तर हाड भरत नाही, फार सावकाश केलं तर आधीच जुळून बसतं. नट रुग्ण स्वतः किंवा घरचं माणूस फिरवतं. अशा रीतीने पाय लांब करता येतो, बाक थोडा थोडा सरळ करता येतो, आणि सडलेला तुकडा काढून टाकून त्या जागी वरचं हाड खाली सरकवत आणता येतं.

जगाला हे बराच काळ पटलं नाही. सोव्हिएत उंच उडीपटू व्हालेरी ब्रुमेल, १९६४ चा ऑलिम्पिक विजेता, १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात पाय गमावता गमावता राहिला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो कुर्गानला गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारून दाखवली. तरी पश्चिमेला दार उघडलं ते कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकामुळे. त्याची नडगी जुन्या अपघातानंतर नीट जुळली नव्हती. १९८० मध्ये तो कुर्गानहून बरा होऊन परतला, ते पाहून इटलीच्या डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी इलिझारोव्ह यांना बोलावून घेतलं. तिथून ही पद्धत सगळीकडे पसरली. महाराष्ट्रात अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांचं याच पद्धतीला वाहिलेलं केंद्र आहे, आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागांतही रिंग लावलेले रुग्ण दिसतात.

पण किंमत समजून घ्या. नवं तयार झालेलं हाड टणक होईपर्यंत रिंग काढता येत नाही. एक सेंटीमीटरमागे महिना-दीड महिना धरा. पाच सेंटीमीटर म्हणजे पाच ते साडेसात महिने रिंगसकट झोपायचं, अंघोळ करायची, गर्दीच्या एसटीत चढायचं. तारा कातडीतून जिथे आत जातात तिथे रोज स्वच्छता करावी लागते, नाहीतर पू होतो. रिंग असताना पायावर भार देऊन चालता येतं, किंबहुना चालायलाच हवं. पण मागावर बारा तासांची पाळी उभं राहून करता येत नाही. घर कोण चालवणार, हा प्रश्न म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी बसून सोडवायचा असतो.

हात मोडतो तेव्हा

हातासाठी मुंबईतच एक साधन तयार झालं. हातांचे शल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, छोट्या सळ्या आणि चिमटे वापरून एक हलकी बाह्य चौकट बनवली. डॉक्टर तिला जेस म्हणतात, त्यातला पहिला शब्द जोशींचाच. चिरडलेला हात, बोटांच्या बारीक हाडांचा चुरा, आखडलेले सांधे, शिवाय जन्मतः वाकडी पावलं, यांसाठी ती देशभर वापरली गेली. स्वस्त, आणि प्लास्टरसारखी जखम झाकत नाही, म्हणून मलमपट्टी करता येते.

यंत्रात बोट तुटलं तर? तुटलेला तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात आणि तो जोडता येत नाही. जखमेवर हळद, चुना, टूथपेस्ट काही नको. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका.

शस्त्रक्रिया झाली, आता अर्धं काम उरलं

सरळ झालेलं हाड आणि चालणारा हात यांच्यामध्ये फिजिओथेरपी असते. आपल्याकडे तिचा इतिहासही मुंबईत सुरू होतो. पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली परळच्या केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली. तिथे आजही पुनर्वसन, कॅलिपर आणि कृत्रिम अवयवांचं काम चालतं.

सांधा बंद ठेवला की आखडतो. म्हणून प्लास्टरमध्ये असतानाही मोकळी बोटं दिवसातून अनेकदा पूर्ण उघडायची-मिटायची, खांदा वर न्यायचा. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की दुखलं तरी हलवायचं.

पण एक चूक फार होते. कोपर आखडलं की तेल लावून जोरजोरात चोळणं, दुसऱ्याने ओढून सरळ करणं. कोपराच्या बाबतीत हे घातक आहे. मार लागलेल्या स्नायूला असं पुन्हा पुन्हा दुखावलं तर त्या स्नायूतच हाड तयार होऊ शकतं आणि सांधा जाम होतो. मग ते हाड काढायला वेगळी शस्त्रक्रिया. कोपर रुग्णाने स्वतःच्या ताकदीनेच हलवायचं.

तंबाखूबद्दलही इथेच सांगतो. धूम्रपानाने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, जोड उशिरा येतो किंवा येतच नाही. जागरणाच्या पाळीत बिडी ओढून तग धरणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, पण त्याने शस्त्रक्रियेवर खर्च करायच्या आधी हे त्याला कळायला हवं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणणंही तितकंच महत्त्वाचं.

भिवंडीतून जायचं कुठे, आणि पैसे?

भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे ठाण्याचं जिल्हा रुग्णालय आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी शीवचं लोकमान्य टिळक, परळचं केईएम आणि भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय. कुठेही गेलात तरी आधीचे सगळे एक्स-रे सोबत न्या, फक्त शेवटचा नको.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिरोगाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. पूर्वी दीड लाखाची असलेली मर्यादा आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झाली आहे. मात्र त्यासाठी महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा अधिवासाचा पुरावा लागतो. भिवंडीतले बरेच कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले, रेशनकार्ड गावाकडचं. त्यांच्याकडे आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते देशात कुठल्याही संलग्न रुग्णालयात चालतं, हे अनेकांना माहीतच नसतं. रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. आधी पैसे भरून नंतर योजनेतून परत मिळवणं जवळपास अशक्य असतं.

कामावर अपघात झाला असेल तर भरपाई हा वेगळा हक्क आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. त्यात कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली हे ठरवून दिलं होतं. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी गेली तर १४. एका हाताची चार बोटं गेली तर ५०. तक्ता वाचताना अंगावर काटा येतो, पण तो उपयोगी आहे.

वाकडा जुळलेला हात मात्र अशा तक्त्यात सापडत नाही. अवयव तर जागेवर आहे! अशा वेळी कमाईची ताकद किती गेली ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या रस्ते अपघाताच्या खटल्यात हाच मुद्दा मांडला. शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईचं नुकसान किती टक्के, हे एक नव्हे. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि डावा हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं कसं असेल?

त्यामुळे न्यायालयात किंवा कामगार आयुक्तांपुढे जाताना फक्त अपंगत्वाचा दाखला पुरत नाही. आपण काय काम करत होतो आणि त्यातलं आता काय जमत नाही, हे दाखवावं लागतं. पहिल्या दिवसाचा एक्स-रे, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, हजेरीची किंवा पगाराची कुठलीही चिठ्ठी, मालकाने त्या दिवशी दवाखान्यात नेल्याचा एखादा मेसेज, सगळं ठेवा. एक्स-रेची फिल्म गुंडाळून पत्र्याच्या छताखाली ठेवली तर एका उन्हाळ्यात ती चिकटून खराब होते. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढा, खिडकीच्या काचेवर धरून, त्यावरची तारीख आणि नाव दिसेल असा.